हरणीच्या पानाचा पत्ता

बेलापूरच्या पेठेत पस्तिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, टायपिंग कुठं शिकलात, तर तो आदिनाथ सरांचंच नाव घेईल. लांबट खोली, दोन्ही भिंतींना टेबलं, टेबलांवर यंत्रं आणि मधून हात मागं बांधून फिरणारे सर. त्या खोलीतून बाहेर पडलेली माणसं आज तहसीलमध्ये आहेत, बँकेत आहेत, कुणी पार पुण्या-मुंबईला आहेत. रस्त्यात भेटली की अजून सरांच्या पाया पडतात आणि सर दर वेळी तितकेच लाजतात.

मी निकिता. मी क्लासला आले तेव्हा यंत्रं भंगारात गेली होती आणि त्यांच्या जागी संगणक आले होते. मी परीक्षा पास झाले, पण नोकरी काही लागली नाही. सर म्हणाले, "मग तोवर इथंच बस की. मला मदत कर." ते "तोवर" अजून चालूच आहे.

टायपिंगचा धंदा बसला तेव्हा गावाला वाटलं, सर आता किराणा दुकान टाकतील. पण ज्या वयात लोक पोरांच्या सोयरिकी बघायला लागतात त्या वयात हा माणूस वेबसाईट बनवायला शिकायला बसला. मोबाईलवर व्हिडिओ लावायचे, अडलं की थांबवायचे, इंग्रजी शब्द शब्दकोशात शोधायचे आणि पुन्हा चालू करायचे. बोटं मात्र जुनीच राहिली. अजूनही खाली कागद असल्यासारखे जोर लावून टाईप करतात. त्यांच्या हाताखाली कीबोर्ड फार दिवस टिकत नाही. आणि काही बिघडलं, की दुसरा कुणी चिडेल तिथं सर चष्मा काढून पुसतात आणि म्हणतात, "बघू, काय म्हणतंय ते."

पुढच्या खोलीत त्यांच्या बायकोचं, मनकर्णा काकूंचं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाईन अर्ज, रिचार्ज, मोबाईलची कव्हरं. मागच्या खोलीत सर आणि मी. मधे एक पडदा, त्यामुळं पुढचं सगळं बोलणं मागं ऐकू येतं.

सरांनी एका दूध संस्थेची साईट केली होती. संस्थेचे सभासद कुठं कुठं पसरलेले, पार पाथर्डीपर्यंत. प्रत्येक सभासदाच्या प्रत्येक गाईचं एक पान. वर गाईचा फोटो, नाव, कानातल्या बिल्ल्याचा नंबर. त्याखाली चार टॅब: माहिती, दूध, दवापाणी आणि वेत, म्हणजे गाय कधी व्याली त्याच्या नोंदी. घरच्यांनी सकाळ-संध्याकाळच्या दुधाचा आकडा भरायचा, डॉक्टरांनी औषधं लिहायची. टॅबवर बोट लावलं, की खालचा मजकूर सरकत बदलायचा आणि त्या टॅबला हिरवा रंग यायचा. सरांना त्या सरकण्याचं फार कौतुक होतं. दुकानात आलेल्या माणसाला, मग तो रेशनकार्डाच्या कामाला आलेला का असेना, ते टॅब सरकवून दाखवायचे.

ऊसतोडीच्या हंगामात एका दुपारी काकूंच्या काउंटरशी एक बाई येऊन उभी राहिली. डोक्याला फडकं, अंगात साडीवरून पुरुषाचा शर्ट, हातात काच तडकलेला मोबाईल. कारखाना कसल्या तरी दुरुस्तीसाठी बंद होता, म्हणून टोळीला त्या दिवशी सुट्टी होती.

"ताई, ह्यो मोबाईल जरा बघा बरं," ती काकूंना म्हणाली. "दूध दिसतंय, अन् जरा इकडं तिकडं केलं की गायब व्हतंय."

"दूध?" काकू म्हणाल्या.

"माझ्या गायीचं. हरणीचं. आमी पाथर्डीकडलं. गाय घरी हाय, जावेपाशी. जाऊ मोबाईलात दूध भरती, मी हितं बघती."

मी पडदा सारून बाहेर आले. तिच्या मोबाईलवर आमचीच साईट होती. तिचं नाव रंगूबाई. नवरा भीमा आणि ती टोळीबरोबर आले होते. धाकटी जाऊ सत्यशीला नुकतीच बाळंत झालेली, म्हणून ती सासूबरोबर गावीच थांबली होती.

"करून दाखवा बरं, काय होतंय ते," मी म्हटलं.

रंगूबाईनं हरणीचं पान उघडलं. दूध या टॅबवर बोट ठेवलं. दूध दिसलं. मग तिनं मोबाईल बंद करून कमरेला खोचला, जणू आता ऊस तोडायला निघालीय, आणि थोड्या वेळानं परत काढून उघडला. पान पुन्हा चालू झालं, पण माहितीवर येऊन थांबलं. वर हरणीचा फोटो, खाली तिची जात आणि वय.

"हे बघा. परत तोंडच. तिचं तोंड तर मला पाठ हाय!" रंगूबाई म्हणाली. "रानात रेंज येती कुठं? दम खाऊन खाऊन ते उघडतं, अन् मंग पुन्यांदा दूध दाबा, पुन्यांदा वाट बघा. तवर मुकादम वरडतो. बरं, चुकून मागं दाबलं, तर समदंच बंद. पार बाहेर."

"आणि लिंक पाठवली तर?" मी विचारलं.

"जाऊ पाठवती की. म्हनती, दवापाणी बघा, डॉक्टरनं काय लिवलंय. मी उघडती, तर आपलं तोंडच!"

काकू हसायला लागल्या. मागं पडद्याआड कीबोर्डचा आवाज थांबलेला मला कळला. सर बाहेर आले. त्यांनी मोबाईल हातात घेतला, दूध दाबलं, मागं गेले, बाहेर फेकले गेले. चष्मा काढून पुसला.

"ताई, मोबाईल चांगला आहे तुमचा," ते म्हणाले. "चूक माझी आहे. हे मी बनवलंय."

रंगूबाईला ते काही पटलं नाही. "तुमची कशी? तुमी तर आत्ता भेटले."

"चार दिवसांनी या," सर म्हणाले. "तुम्हाला सरळ दूध दिसेल."

ती गेली आणि सर मला म्हणाले, "निकिता, बस. हे पत्त्याचं काम आहे."

मग त्यांनी मला नीट समजावलं. आमच्या पानाचा पत्ता, म्हणजे ब्राउझरच्या वरच्या पट्टीत दिसतो तो, एकच होता: संस्थेचं नाव, त्यापुढं गायी, त्यापुढं हरणी. तुम्ही माहिती बघा नाहीतर दूध बघा, वरचा पत्ता तोच. कुठला टॅब उघडा आहे हे फक्त त्या क्षणी चालू असलेल्या पानाला माहीत असायचं. पान पुन्हा उघडलं, की ते विसरलं. लिंक पाठवली, तर लिंकमध्ये टॅबचा उल्लेखच नाही. आणि ब्राउझरला वाटायचं, हा माणूस एकाच पानावर बसून आहे. त्यामुळं मागं म्हटलं, की तो त्या पानाच्याही मागं न्यायचा.

"म्हणजे चारही टॅबला वेगवेगळी पानं करायची?" मी विचारलं. "मग दर वेळी फोटो परत लोड होणार. त्यांच्याकडं तर रेंजच नाही."

"तसं नाही करायचं." सरांनी कागदावर लिहिलं: गायी/हरणी/दूध. खाली लिहिलं: गायी/हरणी/दवापाणी. "हे बघ, हरणीपर्यंत पत्ता सारखा. तेवढ्या भागाचं काम वरचा फोटो आणि नाव दाखवायचं. ते जागचं हलणार नाही. शेवटचा शब्द बदलला, तर त्याच्या पोटातला तेवढाच तुकडा बदलायचा. हिरवा रंग कुठल्या टॅबला द्यायचा, तेही त्या शेवटच्या शब्दावरून ठरवायचं. वेगळं काही लक्षात ठेवायचंच नाही."

संस्थेचे सचिव सहादेव यांना सरांनी फोन केला. स्पीकर चालू होता म्हणून मला ऐकू आलं. सचिव म्हणाले, "अहो सर, चाललंय ना? चालू द्या की. एक बाई म्हणाली म्हणून सगळं उकलत बसू नका." सर म्हणाले, "एक बाई दुकानापर्यंत आली म्हणून कळलं. बाकीच्यांचं कळायचं कसं?" मग सचिवांनाच आठवलं, की डॉक्टरही असंच काहीतरी पुटपुटत होते. "बरं, करा," ते म्हणाले, "फक्त दूध भरणं बंद पडू देऊ नका."

पुढचे दिवस सर जेवतानासुद्धा मधूनच उठून जायचे. काकू ताटावर झाकण ठेवायच्या आणि मला म्हणायच्या, "माझ्या बाळंतपणाला एवढी धावपळ केली नव्हती यांनी." पण त्यांच्या बोलण्यात राग नसायचा. पडद्याच्या फटीतून त्यांचंही लक्ष असायचंच.

ठरल्या दिवशी रंगूबाई आली. या वेळी भीमाही होता, दुकानाबाहेरच उभा. सरांनी यादीतून हरणी उघडून दिली. वर फोटो, खाली माहिती. दूध दाबलं, दूध आलं, आणि वर पत्त्यातही "दूध" उमटलं. मोबाईल बंद करून चालू केला, तर...

"पान सापडले नाही," मी वाचलं.

सरांचा चेहरा पडला. रंगूबाई हसून म्हणाली, "आता तर गाय बी गेली की ओ!"

सर मागच्या खोलीत गेले. झालं होतं असं, की आत शिरून टॅब दाबत गेलं तर साईटला नवे पत्ते कळत होते, पण बाहेरून थेट त्या पत्त्यावर आलं, तर सर्व्हरला असं काही पान आहे हेच माहीत नव्हतं. त्याच्याकडं तशी फाईल कुठं होती? त्याला सांगायला हवं होतं, की गायींचा कुठलाही पत्ता आला तर आधी मुख्य साईट दे, पुढचं ती बघेल. एवढं सांगायला वेळ लागला नाही. सर बाहेर आले, रंगूबाईनं पुन्हा उघडलं. दूध. थेट दूध. हिरवा रंगही दुधालाच.

"आं!" ती म्हणाली आणि भीमाला हाक मारली. भीमानं वाकून बघितलं, मान डोलावली, आणि दोघं दुधाचे आकडे वाचण्यात इतके गुंगले, की आम्ही तिथं आहोत हे विसरले. "सकाळचं कमी हाय," भीमा म्हणाला. "थंडी हाय ना," रंगूबाई म्हणाली. "अन् पेंड बदलली आसंल."

तेवढ्यात तिनं मागं दाबलं. दुधावरून माहितीवर आली. पुन्हा मागं दाबलं. माहिती. पुन्हा दाबलं. माहितीच.

"सर," ती म्हणाली, "आदी बाहेर फेकत व्हतं. आता आतच कोंडलं."

आता काकू काउंटरवर डोकं टेकून हसत होत्या. मलाही हसू आवरेना. सर स्वतःही हसायला लागले आणि मग म्हणाले, "मनकर्णा, तू दाब बरं. हळूहळू दाब. मी पत्त्याकडं बघतो."

काकूंनी यादीतून हरणी उघडली. पत्ता क्षणभर नुसता "हरणी" असा दिसला आणि लगेच "हरणी/माहिती" झाला. कारण नुसत्या हरणीच्या पत्त्यावर आलेल्याला सरांनीच पुढं माहितीवर ढकललं होतं. मग काकूंनी मागं दाबलं. पत्ता पुन्हा क्षणभर नुसता "हरणी" झाला, आणि परत माहिती.

"अहो, ती मागं जातेय हो," काकू म्हणाल्या, "पण तुम्हीच तिला परत पुढं ढकलताय."

"तेच," सर म्हणाले. "ढकलताना तो मधला पत्ता आठवणीत राहायलाच नको. त्याच्या जागेवरच माहितीचा पत्ता बसवायला पाहिजे."

त्यांनी आत जाऊन ओळ बदलली. या वेळी आम्ही सगळेच त्या मोबाईलवर वाकलो होतो. दुधावरून मागं दाबलं, माहिती. पुन्हा दाबलं, गायींची यादी आली. रंगूबाईनं खात्री करायला आणखी कितीतरी वेळा पुढं-मागं करून बघितलं. मग काकूंनी एक शंका काढली. समजा बाईनं चारही टॅब दाबले, तर यादीवर यायला तितक्या वेळा मागं दाबायचं का? सरळ यादीवरच न्यावं की.

"न्हाई न्हाई," रंगूबाई म्हणाली. "मागं म्हंजे आदी जे बघत व्हते त्ये. दूध बघून दवापाणी बघितलं, तर मागं दूधच पायजे."

सरांनी ते तसंच ठेवलं आणि वर "सगळ्या गायी" असं एक बटण घातलं. काकूंचंही समाधान झालं. रंगूबाईच्या मोबाईलच्या पडद्यावर मी हरणीच्या दुधाचं चिन्ह ठेवून दिलं. त्यावर बोट ठेवलं की थेट दूध. जाताना ती काकूंना म्हणाली, "सर मोबाईलाचं लई चांगलं काम करत्यात," आणि सरांनी त्यात दुरुस्ती केली नाही.

त्यानंतर काही दिवसांनी तिचा फोन आला. दुकानाचा नंबर तिनं लिहून घेतला होता. सरांनी उचलून स्पीकर चालू केला. आवाज घाईचा.

"सर, हरणीचं दूध लई घटलंय. काल बी घटलं, आज बी. मी रानातनं बघितलं. जावेला फोन केला, ती म्हनली थंडीनं आसंल. मी म्हनलं, न्हाई, थंडीनं एवढं न्हाई घटत. कास बघ. तर एक सड टणक!"

"दगडी?" काकूंनी पुढूनच विचारलं. त्यांच्या माहेरी म्हशी होत्या, कासेच्या या दुखण्याची त्यांना माहिती होती.

"व्हय. डॉक्टर येऊन गेले. जावेनं दवापाणी पाठवलंय. पर मला समदं वाचता येत न्हाई, इंग्लिशमधी हाय."

"मला पाठवा," सर म्हणाले.

तिनं लिंक पाठवली. सरांनी उघडली, आणि ती थेट दवापाण्यावरच उघडली. आमच्यापैकी कुणाचंही त्या क्षणी तिकडं लक्ष नव्हतं. मी ते फार नंतर लक्षात आल्यावर सरांना सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "चांगलं चाललं की लक्ष जातच नाही." सरांनी औषधांची नावं वाचून दाखवली. डॉक्टरांनी शेवटी लिहिलं होतं, की आजारी सडाचं दूध वेगळं काढून टाकायचं, वासराला पाजायचं नाही. ते ऐकल्यावर रंगूबाई म्हणाली, "जावेला हे कुनी सांगितलंच न्हाई," आणि फोन ठेवला. तिला लगेच गावी फोन करायचा होता.

तो आठवडा आमच्या दुकानात हरणीचाच होता. काकू सकाळी शटर उघडलं की आधी दूध बघायच्या. सर पुढच्या खोलीत यायच्या आत मला सांगायच्या, "आज अजून तेवढंच." सर आत बसून तेच पान बघत असायचे, हेही मला माहीत होतं. एके दिवशी आकडा जरा वाढला. दुसऱ्या दिवशी आणखी. काकूंनी पेठेतून पेढे आणले, आणि झेरॉक्सला आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "कुणाचा निकाल?" काकू म्हणाल्या, "गाय बरी झाली." "तुमच्याकडं गाय कुठंय?" गृहस्थ म्हणाले. काकूंनी त्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि पैसे घेऊन झेरॉक्स दिली.

हंगाम संपला. टोळी परत निघाली तेव्हा ट्रॅक्टर पेठेच्या तोंडाशी थांबवून रंगूबाई दुकानात येऊन गेली. काकूंना हिरव्या वाढ्यांचा, उसाच्या शेंड्यांच्या चाऱ्याचा, भला मोठा भारा देऊन गेली. आमच्याकडं जनावर नाही, हे तिच्या ध्यानातच नव्हतं. काकूंनी तो शेजारच्या गवळ्याला दिला. जाताना तिनं सरांना बजावलं, "घरी यायचं. वहिनींना घिऊन यायचं. ह्या पोरीलाबी."

सर कुठं जात नाहीत. लग्नाकार्यालासुद्धा काकूच जातात. पण उन्हाळ्यात एका सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार. राहुरीत एसटी बदलली. घोडेगावात बाजाराचा दिवस होता, रस्त्यावर म्हशीच म्हशी, आमची गाडी तिथं बराच वेळ खोळंबली. सर खिडकीतून प्रत्येक म्हैस निरखून बघत होते.

रंगूबाईचं घर गावाच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याशी. सत्यशीला बाळाला कडेवर घेऊन दारात आली. सासू राहीबाई बाजेवर बसल्या होत्या. हरणी लिंबाच्या सावलीत रवंथ करत होती, फोटोतल्यापेक्षा किती तरी मोठी. सर तिच्यापासून अंतर राखून उभे राहिले. जनावरांची त्यांना भीती वाटते, हे मला त्या दिवशी कळलं.

"जवळ या की सर," रंगूबाई म्हणाली. "मारकी न्हाई ती."

सरांनी हात पुढं केला, हरणीनं हुंगला, आणि सरांनी तो पटकन मागं घेतला. मग परत पुढं केला. काकूंनी त्याचा फोटो काढला.

राहीबाईंनी सत्यशीलेला विचारलं, "कोन ह्ये?"

"दुधाचं पान केलंय ना आत्याबाई, त्ये सर."

राहीबाईंना पान काही उमगलं नाही. त्यांनी सरांकडं बघितलं, त्यांच्या पायातल्या धुळीकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "लांबून आलाय. जेवल्याबिगर जायचं न्हाई."

बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, आणि वाटीभर हरणीचं दूध. सर दूध पीत नाहीत. त्या दिवशी प्यायले. सत्यशीलेनं दूध भरून दाखवलं. बाळाला मांडीवर घेऊन एका हातानं आकडा घातला, टॅब बदलला, लिंक कुणाला तरी पाठवली, सगळं न बघता. सर तिच्या बोटांकडं टक लावून बघत होते, क्लासात चांगलं टाईप करणाऱ्या एखाद्या पोरीच्या बोटांकडं बघायचे तसे.

परतीची एसटी चुकली. मग भीमानं संस्थेच्या दुधाच्या टेम्पोत आमची सोय केली. टेम्पो बजरंग नावाचा चालक चालवत होता. काकू आणि मी पुढं बसलो, सर हौसेनं मागं कॅनजवळ. मधल्या खिडकीतून बजरंगनं विचारलं, "तुमीच का ती साईट करणारे?"

"हो," सर म्हणाले.

"मंग एक सांगू का? मला एका दिवसाचं समद्या गायीचं दूध बघायचं आसतं. प्रत्येक गाय उघडत बसायला लागतं. हात दुखत्यात ओ."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. मागं सर एका कॅनला धरून खिडकीजवळ सरकले. रस्ता खराब होता, कॅन वाजत होते, त्यामुळं त्यांना ओरडून बोलावं लागत होतं.

"हां, म्हणजे आधी तारीख, आणि तारखेच्या पोटात गायी! बरोबर ना? आणि सांगा, मागं दाबल्यावर तुम्हाला कुठं जायचं असतं?"